कादंबरीतला राक्षस पडद्यावर आला की तो नीट बघायचा कसा

आवडत्या कादंबरीवरचा सिनेमा सुटला की बाहेर पडणारे निम्मे लोक राक्षसावरून भांडत असतात, आणि भांडण बहुतेक वेळा एकाच प्रकारचं असतं, म्हणजे पुस्तकात त्याला चार पाय होते इथे दोनच आहेत, पुस्तकात शिंगं नव्हती इथे कुठून आली, रंग वेगळाच आहे वगैरे. मी पण बरीच वर्षं असंच भांडले. मग एकदा आवडत्या राक्षसाची पानं सिनेमा बघितल्यावर लगेच परत वाचली आणि लक्षात आलं की मी ज्या वर्णनासाठी भांडत होते ते पानावर नव्हतंच, माझ्याच डोक्यात होतं. तेव्हापासून मी हे सगळं जरा पद्धतशीर करायला लागले आणि तीच पद्धत इथे सांगते. राक्षस हा शब्द मी सगळ्यांनाच वापरणार आहे, ड्रॅगन, भूत, कोळी, लांडगा, सगळे त्यातच धरा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. राक्षस पुस्तकासारखा दिसतो का हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न हा की पुस्तकात तो जे काम करत होता ते सिनेमात करतो का. काम म्हणजे काय, तर त्याच्या येण्याने गोष्टीतल्या माणसांचं काय होतं ते.

सिनेमाच्या आधी फक्त राक्षसाची पानं वाचा

अख्खी कादंबरी परत वाचायला वेळ नसेल तर नका वाचू, राक्षस जिथे येतो तेवढी पानं काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. दोन रंगांच्या असतील तर उत्तम. एका रंगाने त्याच्या शरीराबद्दलचं प्रत्येक वाक्य अधोरेखित करायचं, उंची, कातडी, डोळे, वास, आवाज. दुसऱ्या रंगाने समोरच्या माणसांना काय होतं ते, म्हणजे कोणाच्या हातून काय गळून पडलं, कोण पळालं, कोणाला काय आठवलं. दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. भल्या भल्या राक्षसांच्या बाबतीत पहिला रंग फार थोडा लागतो आणि दुसऱ्या रंगाने पानं भरून जातात.

गॉलमचंच बघा ना, जमिनीखालच्या अंधाऱ्या तळ्यात राहणारा तो प्राणी. टोलकीनचं हॉबिट 1937 मध्ये आलं, त्यात गॉलम कसा दिसतो याबद्दल सांगितलंय ते इतकंच की तो अंधारासारखा काळा आहे आणि त्याचे डोळे मोठे, गोल, फिकट आहेत. मापच दिलेलं नाही! त्यामुळे 1962 च्या स्वीडिश आवृत्तीसाठी तोवे यान्सनने, म्हणजे मूमिनवाल्या त्याच लेखिकेने, चित्रं काढली तेव्हा तिचा गॉलम गोष्टीच्या नायकाच्या, बिल्बोच्या कितीतरी पट मोठा, डोंगराएवढा झाला. चूक तिची नव्हतीच, पानावर जे होतं त्यात तो मावत होता. पुढे 1966 च्या आवृत्तीत टोलकीनने तो छोटासा असल्याचं लिहून टाकलं. मला हा किस्सा फार आवडतो कारण यातून कळतं की जे लेखकाने मोकळं सोडलंय ते चित्र काढणाऱ्याला कुठल्या तरी एका बाजूला ठरवावंच लागतं. लेखक अंधार लिहू शकतो, कॅमेऱ्याला अंधारात पण काहीतरी दाखवावं लागतं.

म्हणून तिसरी खूण पण करा. जे लिहिलेलंच नाही त्याची यादी समासात काढा. उंची नाही, चेहरा नाही, किती पाय ते नाही. ही यादी म्हणजे सिनेमावाल्यांनी स्वतःहून ठरवलेल्या गोष्टींची यादी, आणि या ठिकाणी त्यांना "चुकलात" म्हणायचा हक्क आपल्याला नाही, फार तर "मला नाही पटलं" म्हणता येईल.

कोण बघतंय ते शोधा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून इथे जरा रेंगाळते. पुस्तकातला राक्षस आपण कधीच थेट बघत नाही, कोणाच्या तरी डोळ्यांनी बघतो. मग तो बघणारा कोण आहे, तो आधीच घाबरलेला आहे का, त्याला या प्राण्याची माहिती आहे का, हे बघायचं.

मोरिया या जमिनीखालच्या जुन्या खाणीतला बालरॉग, म्हणजे सावली आणि आगीचा राक्षस, तो घ्या, टोलकीनच्याच लॉर्ड ऑफ द रिंग्जचा पहिला भाग, 1954. बालरॉग प्रत्यक्ष दिसायच्या कितीतरी आधीपासून खाली खोल ढोल वाजतायत. मग जादूगार गॅन्डाल्फ दारापाशी एकटा उभा राहून दार मंत्राने बंद ठेवायचा प्रयत्न करतो आणि पलीकडून कोणीतरी इतक्या ताकदीने उलटा मंत्र टाकतं की तो पार थकून जातो, आणि नंतर तो सांगतो की ते खोलीत आलं तेव्हा ऑर्क, म्हणजे शत्रूचे सैनिक, ते सुद्धा घाबरून गप्प झाले. मग पुलाजवळ ते दिसतं. तेव्हा पण काय, तर एक मोठी सावली, तिच्या मधोमध काळा आकार, माणसासारखा बहुतेक पण मोठा. बस. त्यानंतर काय होतं तर धनुर्धारी एल्फ लेगोलसच्या हातातला बाण गळून पडतो आणि तो किंचाळतो, बुटका गिम्ली कुऱ्हाड टाकून तोंड झाकून घेतो. एल्फच्या हातून बाण गळून पडत नाही हो कधी! तो पडला म्हणजे काय आलं असेल ते वाचणाऱ्याला न सांगता कळतं.

आता पीटर जॅक्सनचा 2001 चा सिनेमा बघा. तिथे ऑर्कच्या झुंडीने सगळ्यांना पूर्ण घेरलंय, सुटका नाही, आणि तेवढ्यात दूरच्या खांबांमागे नारिंगी उजेड दिसतो, एक गुरगुर ऐकू येते, आणि ते हजारो ऑर्क खांबांवर चढून, फटींमध्ये घुसून पळून जातात. पुस्तकात हा सीन असा नाही. पण पुस्तकातलं "ऑर्क सुद्धा घाबरले" हे एवढंसं वाक्य उचलून त्यांनी त्याचा अख्खा सीन केला, आणि त्यानंतर लेगोलसचा चेहरा. मला विचाराल तर याहून प्रामाणिक रूपांतर मी फार कमी बघितलंय, आणि यात पुस्तकातला एकही शब्द जसाच्या तसा नाहीये. शिंगं पुस्तकात नाहीत, सिनेमात आहेत, मेंढ्यासारखी वळलेली, आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

आणि पंख! बालरॉगला पंख आहेत का या प्रश्नावर वाचकांनी कितीतरी वर्षं डोकेफोड केलीय. कारण टोलकीनने आधी लिहिलं की सावली दोन विशाल पंखांसारखी पसरली, "सारखी", आणि थोड्याच वेळाने लिहिलं की त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले, इथे "सारखी" गायब. तुम्ही दोन्ही बाजूंनी वाद घालू शकता. जॅक्सनला वाद घालायची सोय नव्हती, त्याला पंख द्यायचे का नाही ते ठरवायचं होतं, त्याने दिले, पण धुराने माखलेले दिले म्हणजे कडा नीट दिसत नाहीत. हुशारीचं काम आहे.

सिनेमाच्या आधी स्वतः चित्र काढा

चित्रकला येत नसली तरी काढा. कागदावर पाच मिनिटांत जमेल तसं. याचं कारण हे की एकदा सिनेमा बघितला की तुमच्या डोक्यातला राक्षस पुसला जातो, कायमचा. मला स्वतःला आता गॉलम म्हटलं की सिनेमात तो साकारणाऱ्या अँडी सर्किसचाच चेहरा दिसतो, लहानपणी वाचताना कोण दिसायचं ते आठवतच नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. चित्र नाही तर निदान पाच ओळी लिहून ठेवा, तारीख टाकून.

ट्रेलर बघायच्या आधी हे करायचं हे सांगायला नकोच. खेळणी आणि पोस्टर पण टाळा, त्यांच्यावर राक्षस सगळ्यात उजेडात असतो आणि त्याची जागा उजेडात नसते.

पहिल्यांदा नुसतं बघा

पहिल्या वेळी वही नको, फोन नको, पुस्तकाशी तुलना नको. घाबरायचं तर घाबरा. सिनेमा संपल्यावर फक्त एक गोष्ट लिहा, पोटात गोळा नक्की कुठल्या क्षणी आला. गंमत म्हणजे हा क्षण बऱ्याच वेळा राक्षस दिसायच्या आधीचा निघतो.

याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण डिमेंटर, हॅरी पॉटरमधले तुरुंगाचे पहारेकरी. प्रिझनर ऑफ अझ्काबान पुस्तक 1999 चं, सिनेमा अल्फॉन्सो क्वारोनचा 2004 चा. पुस्तकात ट्रेनमध्ये अंधार होतो, थंडी पडते, आणि झग्यातून एक हात दिसतो, चकचकीत, करडा, खपल्या आलेला, पाण्यात कुजलेल्या प्रेतासारखा. सिनेमात आधी खिडकीच्या काचेवर बर्फ चढतं, बाटलीतलं पाणी गोठतं, मग दाराशी लांब बोटं येतात. क्वारोनने सुरुवातीला पाण्याखाली कापडी बाहुल्या हलवून त्यांचं शूटिंग करून बघितलं, स्लो मोशनमध्ये, म्हणजे कापड हवेत न उडता पाण्यात तरंगल्यासारखं दिसेल. ते प्रत्यक्ष सिनेमात वापरणं जमण्यासारखं नव्हतं म्हणून शेवटी कॉम्प्युटरवर केलं, पण ती पाण्यातली चाल तशीच ठेवली. आता परत पुस्तकातलं ते वाक्य बघा, पाण्यात कुजलेल्या प्रेतासारखा हात. पुस्तकातल्या एका उपमेतलं पाणी सिनेमात अख्ख्या शरीराची चाल होऊन आलंय. हे त्यांनी मुद्दाम केलं का आपोआप झालं माहीत नाही, पण आहे खरं.

पुस्तकात डिमेंटर जमिनीवरून सरकत येतात, सिनेमात आकाशात उडतात, यावरून लोक चिडतात. पण त्यांचं काम काय आहे? लेखिका रोलिंगने स्वतः सांगितलंय की ते डिप्रेशनवरून आलेत. जवळ आले की सगळा आनंद ओढून घेतात, वाईटातली वाईट आठवण तेवढी उरते. सिनेमात ते काम होतं का? मला होतं असं वाटतं, त्या गोठणाऱ्या बाटलीमुळे. 2007 च्या पाचव्या सिनेमात मात्र तेच डिमेंटर झगा उघडा टाकून हडकलेली छाती दाखवत येतात आणि हॅरीचा गळा धरतात, आणि तिथे ते मला नुसते गुंड वाटले. गळा धरायला कोणीही चालतं, त्यासाठी डिमेंटर कशाला हवा.

दुसऱ्यांदा डोळे मिटून

हे विचित्र वाटेल पण करून बघा. राक्षसाचा सीन लावा आणि डोळे बंद करून ऐका. मग आवाज पूर्ण बंद करून बघा. दोन्हीत कुठे जास्त भीती वाटली ते नोंदवा.

बालरॉगच्या आवाजात सिमेंटचा ठोकळा लाकडी जमिनीवर घासून केलेला आवाज वापरलाय. नाझगुलची, म्हणजे लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या काळ्या घोडेस्वारांची, ती कानात सुई घातल्यासारखी किंकाळी फ्रॅन वॉल्शने, म्हणजे सिनेमाच्या लेखिकांपैकी एकीने, स्वतःच्या गळ्यातून काढलीय. गॉलमचा तो घशातला आवाज अँडी सर्किसला त्याच्या मांजरीवरून सुचला, घशात अडकलेला केसांचा गोळा बाहेर काढताना ती जे करायची त्यावरून. तिन्हीमध्ये मूळ वस्तू किती साधी आहे बघा.

आणि कधी कधी आवाज काढून टाकणंच खरं काम असतं. शेलॉब, ती मोठी कोळीण, टू टॉवर्स पुस्तकात आहे पण सिनेमात तिला तिसऱ्या भागात, 2003 मध्ये आणलं. पीटर जॅक्सनला स्वतःला कोळ्यांची प्रचंड भीती आहे आणि शेलॉबचं डिझाइन न्यूझीलंडमधल्या टनेलवेब नावाच्या खऱ्या कोळ्यावरून केलंय. गोष्टीचा नायक फ्रोडो बोगद्यातून सुटून बाहेर येतो, आपल्याला वाटतं संपलं, आणि त्याच्या डोक्यावरच्या खडकांवरून ती अजिबात आवाज न करता येते. एवढं मोठं धूड, आणि शांतता. ज्याला खरंच कोळ्याची भीती वाटते त्यालाच हे सुचतं, कारण कोळी आवाज करत नाही, भिंतीवर तो आधीपासूनच असतो.

शरीर कशाचं बनलंय

तंत्राचं फार खोलात जायची गरज नाही, फक्त एवढं ओळखायला शिका की समोरचा प्राणी मेकअप केलेला माणूस आहे, यंत्रावर चालणारी बाहुली आहे, नटाच्या हालचाली पकडून केलेलं मोशन कॅप्चर आहे, का पूर्णपणे कॉम्प्युटरवर हातानं हलवलेला आहे. ओळखायचं कसं? तीन ठिकाणी बघा. एक, स्पर्श. राक्षस माणसाला धरतो तेव्हा कपडा चुरगळतो का, कातडी दबते का. दोन, वजन. पाय टेकला की माती हलते का, वळताना त्याला थोडा वेळ लागतो का. तीन, नटाची नजर. समोर काहीच नसताना बघणारा नट बऱ्याच वेळा राक्षसाच्या डोळ्यांऐवजी कपाळाच्या वर कुठेतरी बघत असतो.

ए मॉन्स्टर कॉल्स नावाची पॅट्रिक नेसची कादंबरी आहे, 2011 ची, मूळ कल्पना शिवॉन डाउडची, ती लिहायच्या आधीच गेली आणि मग नेसने लिहिली. त्यात आई आजारी असलेल्या मुलाकडे झाडाचा राक्षस येतो, बरोबर बारा वाजून सात मिनिटांनी. 2016 च्या सिनेमात राक्षसाचा आवाज आणि हालचाली लियाम नीसनच्या आहेत आणि बरंच काम कॉम्प्युटरवर झालंय, पण त्यांनी प्रचंड मोठं डोकं, हात आणि पाय खरे बनवले होते म्हणजे त्या मुलाला खरोखर कशाला तरी टेकता येईल. आणि ते टेकणं दिसतं. या गोष्टीत राक्षसाचं काम घाबरवणं नाहीच, मुलाकडून एक खरी गोष्ट बोलवून घेणं आहे, त्यासाठी टेकायला काहीतरी हवंच होतं. माझ्यासाठी हा सगळ्यात जवळचा सिनेमा आहे यातला, मी तो दोनदाच बघू शकले.

याउलट आझोग, ऑर्कांचा सरदार. हॉबिट पुस्तकात तो केव्हाच मेलेला आहे, त्याचं नाव फक्त जुनी हकीकत म्हणून येतं, लढाईत त्याचा मुलगा बोल्ग असतो. सिनेमांमध्ये, 2012 ते 2014, त्याला जिवंत ठेवून मुख्य शत्रू केला. बदल केला याबद्दल तक्रार नाही, तीन सिनेमे चालवायला कोणीतरी पाठलाग करणारा हवा हे समजू शकते. तक्रार ही की लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या तीन सिनेमांतले ऑर्क मेकअपमधली खरी माणसं होती, घामेजलेले, तोंडातून लाळ गळणारे, आणि आझोग सगळा गुळगुळीत कॉम्प्युटरचा. शेजारी शेजारी लावून बघा. आझोगच्या अंगावर जखमांचे व्रण आहेत तरी त्याला कधी दुखलं असेल असं वाटत नाही.

म्हणजे मोशन कॅप्चर वाईट का, तर अजिबात नाही, कारण गॉलम पण तेच आहे. 2002 च्या टू टॉवर्समधला रात्रीचा सीन बघा जिथे तो स्वतःशीच भांडतो. पुस्तकात फ्रोडोचा सोबती सॅम झोपेचं सोंग घेऊन दोन आवाज ऐकतो आणि गॉलमच्या डोळ्यांत आळीपाळीने फिकट आणि हिरवा उजेड येतो. सिनेमात डोळ्यांचा रंग बदलला असता तर स्वस्त वाटलं असतं. त्यांनी कॅमेऱ्याची बाजू बदलली, एका बाजूने गॉलम, दुसऱ्या बाजूने स्मीगल, म्हणजे त्याचं जुनं रूप, दोन माणसांच्या संभाषणासारखं कट करत, आणि काही वेळाने आपण विसरतो की तिथे एकच जण बसलाय. सर्किस प्रत्यक्ष सेटवर होता, फ्रोडो आणि सॅम खऱ्या माणसाकडे बघून बोलत होते, नजरेचा प्रश्नच आला नाही. 2001 च्या पहिल्या भागात गॉलम ओझरता दिसतो, तो चेहरा वेगळा आहे, नंतर सर्किसच्या चेहऱ्याशी जुळवून परत डिझाइन केला. पॉज करून बघा, फरक दिसतो.

आता मुख्य प्रश्न, काम

इथवर आलात की वहीत दोन रंगांची पानं आहेत, एक चित्र आहे, दोन वेळा बघितल्याच्या नोंदी आहेत. आता प्रत्येक राक्षसासाठी एक वाक्य लिहा, हा राक्षस नसता तर गोष्टीत काय घडलं नसतं. एकदा पुस्तकासाठी, एकदा सिनेमासाठी. दोन्ही वाक्यं जुळली तर पाय किती आहेत हे सोडून द्या.

हॉबिटमधल्या ड्रॅगनवर, स्माउगवर हे करून बघूया, कारण पायांचा सगळ्यात मोठा वाद त्याचाच. टोलकीनचा स्माउग चार पाय आणि वेगळे पंख असलेला. 2012 च्या भागात ओझरता दिसला तेव्हा पुढचे पाय वेगळे होते, 2013 च्या भागात पंख हेच पुढचे पाय झाले, वटवाघळासारखे. मला ते आवडलं, सोन्याच्या ढिगावरून पंखांवर भार टाकून सरकताना तो जास्त किळसवाणा वाटतो.

पण माझा वाद वेगळाच आहे आणि तो फार कोणी घालत नाही. पुस्तकात स्माउगच्या पोटावर वर्षानुवर्षं खजिन्यावर लोळून हिरे-माणकं चिकटलीयत, तो त्याचा अभिमान मिरवतो, बिल्बो त्याला चढवतो, आणि दाखवायच्या नादात तो छाती वर करतो तेव्हा डाव्या बाजूला एक उघडी जागा दिसते. म्हणजे त्याचा घात त्याच्या गर्वाने होतो, गोड बोलण्याने होतो, आणि ते काम एका छोट्याशा हॉबिटने नुसतं बोलून केलं. ही बातमी एका पक्ष्यामार्फत त्याला मारणाऱ्या धनुर्धारी बार्डपर्यंत जाते. सिनेमात ती जागा बार्डच्या पूर्वजाने कधी काळी मारलेल्या बाणाने आधीच पडलेली आहे. दिसायला बारीक बदल आहे पण वजन सगळं हललं, गर्वाची गोष्ट होती ती घराण्याच्या राहिलेल्या बदल्याची झाली. बेनेडिक्ट कंबरबॅचचा आवाज अप्रतिम आहे, संभाषणाचा सीन जवळजवळ परिपूर्ण आहे, आणि मग लगेच वितळलेल्या सोन्याच्या पुतळ्याचा तो लांबलचक पाठलाग येतो ज्यात एवढा चतुर ड्रॅगन बुटक्यांच्या मागे धावत राहतो आणि एकालाही पकडू शकत नाही. बोलून जिंकणारा राक्षस धावायला लावला की तो लहान होतो.

उलट अनुभव मला लांडग्याच्या बाबतीत आला. प्रोफेसर ल्युपिन, हॅरीचा नरलांडगा असलेला शिक्षक, पुस्तकात बदलतो तेव्हा अंगावर केस उगवतात, पंजे येतात, जवळजवळ खऱ्या लांडग्यासारखा होतो. 2004 च्या सिनेमात तो हडकुळा, बिनकेसाचा, दोन पायांवर उभा राहणारा काहीतरी आहे. पहिल्यांदा बघून मी खूप चिडले होते. मग ते एक वाक्य लिहायला बसले, की ल्युपिनचं लांडगा होणं गोष्टीत काय करतं, आणि उत्तर आलं, तो आजार आहे, लपवावा लागणारा, नोकरी घालवणारा आजार. आणि सिनेमातलं ते शरीर बघा, आजारी माणसाचंच आहे, बरगड्या दिसतायत. माझं मत फिरलं. पूर्ण नाही, कारण पुस्तकात नरलांडगा आणि खरा लांडगा यांच्यात ओळखायला फार बारीक खुणा असतात आणि दुसरा शिक्षक स्नेप मुद्दाम त्यावर निबंध लिहायला लावतो, ती सगळी मजा या डिझाइनने गेली, याला कोणीच खरा लांडगा समजणार नाही.

आणि उडणारी माकडं. विझार्ड ऑफ ऑझ, पुस्तक 1900, सिनेमा 1939. सिनेमात ती चेटकिणीची भयानक सेना आहेत. पुस्तकात ती एका सोन्याच्या टोपीला बांधलेली आहेत, टोपी ज्याच्याकडे त्याचे तीन हुकूम मानायचे, चेटकिणीकडे होती म्हणून तिचे ऐकले, नंतर डोरोथीकडे येते तेव्हा तिला उचलून घेऊन जातात, आणि त्यांचा राजा तिला सांगतो की आम्ही एकेकाळी मोकळे होतो. शेवटी ग्लिंडा टोपी त्यांनाच परत देते. हे सगळं सिनेमात नाही. माकडं दिसायला जबरदस्त आहेत, इतक्या वर्षांनी पण अंगावर काटा येतो, पण त्यांची गोष्ट काढून घेतली आणि फक्त पंख ठेवले.

जे दाखवताच येत नाही

काही राक्षस असे लिहिलेत की डोळ्यांनी बघताच येऊ नयेत. मिशाएल एंडेच्या नेव्हरएंडिंग स्टोरीमध्ये, 1979, एक नथिंग आहे, काहीच-नाही म्हणा, जे सगळं जग गिळत चाललंय. त्याचं वर्णन असं की तिकडे बघितलं की आपण आंधळे झालो असं वाटतं. काळं नाही, पांढरं नाही, भोक पण नाही. 1984 च्या सिनेमात त्याचं वादळ केलं, ढग, विजा, उडणारे दगड. मला कळतं की दुसरं काय करणार होते, पण वादळ म्हणजे काहीतरी असतं, वादळातून पळता येतं. एंडेला तो सिनेमा इतका खटकला की त्याने आपलं नाव काढून टाकायची मागणी केली आणि प्रकरण कोर्टात गेलं. अशा ठिकाणी सिनेमा बघताना हे विचारा की दाखवण्याऐवजी न दाखवून हे झालं असतं का, आवाज बंद करून, चेहरा दाखवून, मागची जागा रिकामी ठेवून.

लॉर्ड ऑफ द रिंग्जचा मुख्य शत्रू सॉरॉन, त्याच्या बाबतीत जॅक्सनच्या मंडळींनी एक निर्णय बरोबर घेतला असं मला वाटतं. पुस्तकात तो कधीच समोर येत नाही, गॉलम फक्त सांगतो की त्याच्या काळ्या हाताला चारच बोटं आहेत. 2003 च्या सिनेमासाठी शेवटच्या लढाईत सॉरॉन स्वतः येऊन नायकांपैकी एकाशी, अ‍ॅरागॉर्नशी लढतो असं शूटिंग झालं होतं, मग त्यांनी विचार बदलला आणि त्याच्या जागी कॉम्प्युटरने ट्रोल घातला. ट्रोलचा सीन साधाच आहे पण सॉरॉन वाचला. मनोऱ्यावरचा तो डोळा मात्र शेवटी सर्चलाइटसारखा इकडे तिकडे फिरतो ते मला अजून पचत नाही.

जुनी रूपं पण शोधा

एकाच राक्षसाची दोन-तीन रूपांतरं मिळाली तर ती एकाच संध्याकाळी बघा. 1977 च्या हॉबिट अ‍ॅनिमेशनमध्ये स्माउगचा चेहरा मांजरासारखा आहे, केसाळ. 1978 च्या राल्फ बक्षीच्या लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला बालरॉग सिंहाच्या तोंडाचा. आज हसू येईल पण हसून सोडू नका, पुस्तकाच्या त्याच ओळींतून हे पण निघालंय. मांजर का सुचलं असेल? कारण स्माउग बिल्बोशी उंदराशी खेळावं तसा खेळतो, ते त्या चित्रात आहे, आणि नंतरच्या महागड्या ड्रॅगनमध्ये ते शोधावं लागतं.

शेवटी पुस्तकाकडे परत या, तीच पानं, तीच पेन्सिल. सिनेमातलं काय वाचताना आपोआप आत आलं आणि काय बाहेरच राहिलं ते बघा. माझ्या बाबतीत मोरियाची पानं वाचताना शिंगं येत नाहीत, नारिंगी उजेड येतो, आणि गिम्लीची कुऱ्हाड, जी सिनेमात पडतच नाही, ती अजून दर वेळी पडते आणि मला ऐकू येते.

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर मी मोरियाच सांगते, पानं थोडी आहेत आणि सीन छोटा आहे, एका सुट्टीच्या दुपारी सगळं होतं. डिमेंटर त्यानंतर. ए मॉन्स्टर कॉल्स मात्र घाईत करू नका, आणि घरात कोणी आजारी असेल तर सध्या राहू द्या.